नंबर कायमचा, माहिती मात्र चालू हवी

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे जिल्हा परिषदेची छोटी कामे घेत असत. शाळाखोल्यांची दुरुस्ती, गटारे, गावातले सिमेंटचे रस्ते. मागच्या पावसाळ्यात ते वारले. फर्मचे नाव तेच आहे, मिस्त्री-मजूर तेच आहेत आणि मीही शिक्षण संपल्यापासून त्यांच्याबरोबर साइटवर आहे. माझ्या नावाची डिजिटल सही काढली, फर्मची जुनी कागदपत्रे जोडली आणि निविदा भरली. ती पहिल्याच लिफाफ्यात बाद झाली. शेरा आला, ‘नोंदणी व निविदाधारक यांत तफावत’. पॅन, जीएसटी, उद्यम, पीएफ कोड, ठेकेदार नोंदणी, डिजिटल सही... एका धंद्याला एवढे नंबर कशाला? आणि या अक्षर-आकड्यांत नेमके असते तरी काय?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : घरातला कर्ता माणूस गेल्यावर कागदांमागे धावणे किती जड जाते, याची कल्पना आहे. पण तो शेरा नियमाला धरूनच आहे आणि त्याचे कारण वडिलांच्या जीएसटी नंबरातच लिहिलेले आहे.

त्यांचे जीएसटी प्रमाणपत्र समोर घ्या. नंबर 15 अक्षर-आकड्यांचा आहे. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढच्या दहा जागांवर वडिलांचा पॅन जसाच्या तसा आहे. तेरावी जागा सांगते की त्या पॅनवर या राज्यातली ही कितवी नोंदणी आहे. चौदाव्या जागी सहसा ‘झेड’ असतो. पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे टाइप करताना एक अक्षर चुकले तरी संगणक ते लगेच पकडतो.

आता पॅन पाहा. त्यातले चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते. व्यक्ती असेल तर ‘पी’, भागीदारी फर्म असेल तर ‘एफ’, कंपनी असेल तर ‘सी’, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर ‘एच’, ट्रस्ट असेल तर ‘टी’. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते.

तुमच्या वडिलांचा धंदा एकट्याच्या मालकीचा होता, म्हणून तिथे ‘पी’ असणार. कायद्याच्या दृष्टीने फर्मचे नाव हे पाटीवरचे नाव होते. ठेकेदार म्हणजे ते स्वतः. त्यामुळे त्यांच्या पश्चात त्या पॅनवर नवा धंदा करता येत नाही आणि त्या पॅनवर उभी असलेली जीएसटी व उद्यम (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची) नोंदणीही तुमच्या नावे आपोआप येत नाही. भागीदारी फर्म असती तर पॅन फर्मचा असता. भागीदारी करारात वारसाची तरतूद असेल, तर तोच नंबर पुढे चालू शकला असता. मुलगा धंद्यात उतरला की भागीदारी करून घ्या, असे जाणते लोक सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुढचा रस्ता असा. ‘मालकाचा मृत्यू’ हे कारण देऊन तुमच्या स्वतःच्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्या. वडिलांच्या खात्यात इनपुट क्रेडिट शिल्लक असेल, तर ते ‘आयटीसी-02’ या फॉर्मने नव्या नंबरवर आणा. हा फॉर्म भरून झाल्यावरच जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज वारस म्हणून द्या. क्रम उलटला तर क्रेडिट अडकते. क्रेडिटबरोबर जुन्या धंद्याची देणीही तुमच्याकडे येतात, म्हणून हे काम कर सल्लागाराला शेजारी बसवूनच करा. त्यानंतर तुमच्या आधार व पॅनवर नवी उद्यम नोंदणी काढा.

ठेकेदार नोंदणी ज्या कार्यालयाची असेल, तिथे मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून लेखी अर्ज द्या. वडिलांच्या कामांचा अनुभव तुमच्या नावे धरणार का, हेही त्याच अर्जात विचारा. तोंडी उत्तरावर पुढची निविदा भरू नका. चालू कामांची बिले बाकी असतील तर त्या कार्यालयालाही लगेच कळवा, म्हणजे पैसे बंद खात्याकडे जाऊन परतणार नाहीत.

एवढे नंबर कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. प्रत्येक नंबरामागे सरकारचा एक वेगळा प्रश्न आहे. पॅन विचारतो, उत्पन्न कोणाचे? जीएसटी विचारतो, या मालावरचा आणि कामावरचा कर कोणी भरला? उद्यम विचारते, धंदा केवढा? पीएफ कोड विचारतो, मजुरांच्या नावावर पैसे जमा होतात का? ठेकेदाराचा वर्ग विचारतो, किती लाखांपर्यंतचे काम पेलेल? आणि डिजिटल सही विचारते, या कागदाची जबाबदारी कोणाची? हे कायदे वेगवेगळ्या काळी आले, वेगवेगळ्या खात्यांनी आणले. म्हणून नंबरही वेगवेगळे राहिले.

पूर्वी हे कागद वेगवेगळ्या फायलींत पडून असत. कारकुनाने ताडून पाहिले तरच तफावत कळे. आता पोर्टले एकमेकांशी जोडलेली आहेत. उद्यमचे पोर्टल तुमची गुंतवणूक आणि उलाढाल आयकर व जीएसटीच्या नोंदींतून घेते. जेम हे केंद्राचे खरेदी पोर्टल उद्यमची नोंद तपासते. त्यामुळे एका ठिकाणी नावात ‘अँड सन्स’ आणि दुसरीकडे नुसतेच ‘सन्स’, एका ठिकाणी जुन्या भाड्याच्या गाळ्याचा पत्ता आणि दुसरीकडे घराचा, असे असले की तुमची फर्म संगणकाला दोन वेगळ्या फर्म वाटतात. नंबर मिळवणे हे एकदाचे काम आहे. त्यामागची माहिती खरी आणि सगळीकडे सारखी ठेवणे हे मात्र धंदा चालू असेपर्यंतचे काम आहे.

प्रश्न : यांतल्या कोणत्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि कोणती कायमची असते? कायमची नोंदणीही बंद पडते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तारीख छापून येते ती दोनच ठिकाणी. ठेकेदार नोंदणीच्या प्रमाणपत्रावर मुदत असते आणि डिजिटल सहीला मुदत असते. बाकीच्या नोंदण्यांवर मुदत नसल्यामुळे लोक निर्धास्त राहतात, आणि घात तिथेच होतो.

पॅन कधी संपत नाही. पण ज्यांना आधार जोडणी बंधनकारक आहे, त्यांनी 30 जून 2023 च्या मुदतीपर्यंत ती केली नसेल, तर पॅन निष्क्रिय होतो. निष्क्रिय पॅनवर बिल निघाले की आयकराची कपात 20 टक्के दराने होते. एरवी एकट्या मालकाच्या ठेक्याच्या बिलावर ती 1 टक्का असते. 10 लाखांच्या बिलात हा फरक 10 हजार रुपये की 2 लाख रुपये, एवढा पडतो. ज्याला शनिवारी मजुरांचा पगार वाटायचा आहे, त्याने या फरकाची रक्कम कुठून आणायची?

नेहमीच्या करदात्याची जीएसटी नोंदणी मुदतीची नसते. पण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, किंवा तिमाही भरणाऱ्याने सलग दोन तिमाह्या चुकवल्या, तर अधिकारी नोंदणी रद्द करण्याची नोटीस काढू शकतो. काम नव्हते, उलाढाल शून्य होती, तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते. पावसाळ्यात कामे थांबली म्हणून ते सोडून देणारे छोटे ठेकेदार याच फेऱ्यात सापडतात. नोटिशीला सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. नोंदणी रद्द झालीच, तर आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत ती पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो; त्याआधी थकलेली विवरणपत्रे, कर, व्याज आणि विलंब शुल्क भरावे लागते.

पत्ता बदलला किंवा भागीदार बदलला, तर 15 दिवसांत जीएसटी पोर्टलवर दुरुस्ती द्यायची असते. धंद्याच्या जागी नोंदणी प्रमाणपत्र लावणे आणि पाटीवर जीएसटी नंबर लिहिणे हाही नियम आहे. अधिकारी जागेवर पाहणीला आला आणि तिथे दुसऱ्याच कोणाचे दुकान दिसले, तर नोंदणीवर गदा येते.

पीएफ कोडाला मुदत नाही, पण चलन दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असते. चलनाची प्रत बिलासोबत मागतात, तेव्हा तो जाच वाटतो. पण त्या चलनातल्या प्रत्येक ओळीत एका मजुराचा खाते क्रमांक असतो. ती ओळ चुकली तर त्याची म्हातारपणाची पुंजी तेवढी कमी होते. हे लक्षात ठेवून ते चलन भरावे.

प्रश्न : आमच्याकडे उद्यम प्रमाणपत्र आहे. तरीही बयाणा रकमेतून सूट मिळाली नाही. असे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : याची तीन कारणे असू शकतात. तुमचे कोणते, ते प्रमाणपत्र उघडून पाहा.

पहिले कारण, कामाचा प्रकार. केंद्राचे 2012 चे खरेदी धोरण सूक्ष्म व लघु उद्योगांनी तयार केलेल्या मालासाठी आणि त्यांनी दिलेल्या सेवांसाठी आहे. केंद्रीय खात्यांनी व कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के अशा उद्योगांकडून घ्यावी, असे ते सांगते. बांधकामाच्या ठेक्यांना ही सूट सरसकट लागू होत नाही. राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या अटीही वेगळ्या असू शकतात. म्हणून बयाणा रकमेची (ईएमडीची) सूट गृहीत धरू नका, निविदेतले ते कलम वाचा आणि मगच डिमांड ड्राफ्ट काढायचा की नाही ते ठरवा.

दुसरे कारण, नोंदवलेला व्यवसाय. उद्यममध्ये तुमचा व्यवसाय एनआयसी या पाच अंकी संकेतांकाने नोंदलेला असतो. तो ‘घाऊक व्यापार’ असेल, तर त्या नोंदणीचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता आहे. 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यमची दारे उघडली ती तेवढ्यासाठीच. तुम्ही बाके तयार करता आणि नोंद मात्र फर्निचर विक्रीची असेल, तर शाळेच्या बाकांच्या निविदेत तुम्ही उत्पादक ठरत नाही. पूर्वी एजंटाकडून घाईत नोंदणी केलेल्या कितीतरी प्रमाणपत्रांत हा दोष असतो. दुरुस्ती पोर्टलवर करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत.

तिसरे कारण, जुने प्रमाणपत्र. उद्यम 1 जुलै 2020 पासून सुरू झाले. त्याआधीच्या उद्योग आधारची मुदत 30 जून 2022 रोजी संपली. फायलीत अजून तोच कागद असेल, तर तो बाजूला काढा.

आकाराची मर्यादाही बदलली आहे. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत 2.5 कोटींपर्यंत गुंतवणूक व 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरतात. 25 कोटी व 100 कोटींपर्यंतचा लघु. मर्यादा वाढल्यामुळे काही लघु उद्योग पुन्हा सूक्ष्म गटात आले असतील. नवे प्रमाणपत्र उतरवून घ्या.

आणि एक. उद्यमचा सगळ्यात मोठा आधार थकलेल्या बिलांसाठी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण नोंदणी व्यवहाराच्या आधीची हवी. बिल अडकल्यावर नोंदणी काढून मागच्या व्यवहारावर हा हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात म्हटले आहे.

प्रश्न : डिजिटल सहीचे टोकन आम्ही निविदा भरून देणाऱ्या सेंटरमध्येच ठेवतो. यात धोका आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे ते टोकन आणि त्याचा पिन ज्याच्या हाती, तो तुमच्या नावाने सही करू शकतो. ती सही कायद्याने तुमचीच धरली जाते. दर कोणता भरला, कोणत्या अटी मान्य केल्या, याची जबाबदारी तुमच्यावर येते. टोकन स्वतःजवळ ठेवा, निविदा भरताना सेंटरमध्ये स्वतः बसा आणि पिन स्वतः टाका.

मुदतीचेही बघा. 1 जानेवारी 2021 पासून फक्त ‘क्लास 3’ ची सही मिळते आणि ती साधारण एक ते तीन वर्षे चालते. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवी काढा. नवी सही काढली म्हणजे काम संपले असे नाही. ती महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवरच्या तुमच्या लॉगिनला पुन्हा जोडावी लागते. शेवटच्या दिवशी दुपारी हे लक्षात आले, तर तयार असलेली निविदाही अपलोड होत नाही.

तसेच जीएसटी आणि उद्यमवर नोंदवलेला मोबाइल कोणाचा आहे, ते आजच तपासा. पुष्कळ ठिकाणी तो सल्लागाराचा असतो. त्याने सिम बदलले किंवा ऑफिस बंद केले, की नोटीस तिकडेच राहते आणि ओटीपी तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : आमचे नाशिकला यंत्रभागांचे वर्कशॉप आहे. अमेरिकी संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे ‘केज कोड’ मागितला. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणती फर्म, कोणत्या पत्त्यावर, हे ओळखण्यासाठी अमेरिकी सरकार वापरते तो पाच अक्षर-आकड्यांचा कोड म्हणजे केज. अमेरिकेबाहेरच्या उद्योगांना याच धर्तीचा ‘एनकेज’ मिळतो. ही नाटोची वर्गीकरण पद्धत आहे आणि नाटोचा सदस्य नसूनही भारत तिच्यात सहभागी आहे. आपल्याकडे हे काम संरक्षण मंत्रालयाचे मानकीकरण संचालनालय पाहते.

तुम्ही तिथल्या कंपनीलाच माल देणार असाल तर बहुधा एवढा कोड पुरतो. ती कंपनी आणखी काय मागते ते विचारून घ्या. थेट अमेरिकी सरकारचे कंत्राट हवे असेल, तर मात्र ‘सॅम’ या त्यांच्या पोर्टलवर नोंदणी लागते आणि तिथे 12 अक्षरांचा ‘यूईआय’ मिळतो. पूर्वी यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या खासगी कंपनीचा नऊ अंकी ‘डन्स’ नंबर लागायचा. 4 एप्रिल 2022 पासून तो बंद झाला. जुन्या माहितीपत्रकात डन्स मागितलेला दिसला, तर गोंधळू नका. यूईआयमध्ये ‘ओ’ आणि ‘आय’ ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती शून्य आणि एक यांसारखी दिसतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनकेज, मग सॅमची पूर्ण नोंदणी. दोन्हीकडे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. आपल्या पत्त्यांत इथेच अडते. एका कागदावर ‘प्लॉट नं.’, दुसऱ्यावर नुसता आकडा, तिसऱ्यावर ‘गट नं.’, कुठे अंबड, कुठे सातपूर एमआयडीसी. आधी एक पत्ता नक्की करा आणि जीएसटी, आयात-निर्यात कोड, बँक, एनकेज सगळीकडे तोच लिहा.

यूईआय कायमचा असला तरी सॅमची नोंदणी 365 दिवसांतून एकदा नवी करावी लागते. ज्या फर्मची नोंदणी निविदेनंतर मधल्या काळात खंडित झाली होती, तिला दिलेले कंत्राट तिथल्या न्यायालयाने 2023 मध्ये नियमबाह्य ठरवले. नोव्हेंबर 2024 मध्ये नियम सुधारला. आता निविदा देताना आणि कंत्राट मिळताना नोंदणी चालू हवी, मधल्या खंडासाठी बाद करत नाहीत. तरीही नूतनीकरण मुदतीच्या दोन महिने आधी सुरू करा, कारण पडताळणीला वेळ लागतो.

ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. नोंदणी झाल्यावर ‘नूतनीकरणाचे शुल्क भरा’ असे सरकारी भासणारे ईमेल येऊ लागतात. त्यांना एक डॉलरही देऊ नका. उद्यमच्या बाबतीतही हेच आहे. त्यासारख्या दिसणाऱ्या साइट शुल्क मागतात, सरकारी पोर्टल कधीच मागत नाही.

शेवटी सर्वांसाठी : एक वही करा. प्रत्येक नोंदणीला एक पान द्या. त्यावर नंबर, प्रमाणपत्रावरचे नाव जसेच्या तसे, पत्ता, जोडलेला मोबाइल, बँक खाते आणि मुदत किंवा पुढची तारीख लिहा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या आणखी एका माणसाला बरोबर घेऊन सगळी पाने ताडून पाहा आणि जिथे फरक दिसेल तिथे त्याच महिन्यात दुरुस्ती करा. उद्यम नोंदणीत अडले तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. तुमच्या एका रखडलेल्या बिलामागे दहा-बारा घरांचा पगार थांबलेला असतो. त्या घरांसाठी तरी ही वही या आठवड्यातच सुरू करा.